हौगांगचे काउन्सिलर

सिंगापूरमधल्या हौगांगला ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये पद्माकर मायदेवांना सगळे 'काउन्सिलर' म्हणत. नाव ठेवलं विश्वास राजवाड्यांनी. राजवाडे बँकेतून निवृत्त झालेले, राहायला शेजारच्याच ब्लॉकमध्ये, आणि दुसऱ्याची चेष्टा केल्याशिवाय त्यांना कोपी, म्हणजे तिथली कॉफी, गोड लागत नसे. खरं म्हणजे सिंगापूरच्या राजकारणाशी मायदेवांचा काडीचा संबंध नव्हता. लिफ्ट बंद पडली की टाउन काउन्सिलला फोन लावायचा, थोड्या वेळात माणूस येतो, विषय संपला. मायदेवांना हे नाव ज्या काउन्सिलपायी मिळालं, ती होती तिकडे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथल्या एकाही मेंबराला हौगांग हे गाव आहे की खाण्याचा पदार्थ, हे सांगता आलं नसतं. मायदेवांना मात्र तिथला कुठला रस्ता दरड कोसळून बंद आहे, कुठली फेरीबोट वाऱ्यामुळे रद्द झाली, कुठल्या गावातलं सार्वजनिक स्वच्छतागृह पैशांअभावी बंद करायचं घाटतंय, सगळं तोंडपाठ.

"काय काउन्सिलर, आज फेरी चालू की बंद?" राजवाडे लांबूनच ओरडायचे.

"बंद. वारा आहे."

"मग बेटावरच्या लोकांनी काय करायचं म्हणे?"

"काय करणार? बसायचं घरी," मायदेव गंभीरपणे सांगायचे. बेटावर त्यांचंच दुकान अडकल्यासारखा चेहरा असायचा.

राजवाडे पोट धरून हसायचे. हसू देत. त्यांची दोन्ही मुलं पासिर रिसला राहतात, बसने अर्ध्या तासावर. त्यांना काय कळणार फेरी रद्द होणं म्हणजे काय ते!

मायदेवांची एकुलती एक लेक अश्लेषा त्या काउन्सिलच्या हद्दीत राहायची. हौगांगमध्येच वाढलेली मुलगी, शिकायला म्हणून स्कॉटलंडला गेली, आणि शिकायला काय, तर मासे पाळणं! "आपल्या घरात कुणी मासा खात नाही आणि ही पाळायला निघाली," असं तेव्हा त्यांच्या पत्नी नीताबाई आठवडाभर फणकारत होत्या. शिक्षण संपल्यावर तिला समुद्रातल्या सामन माशांच्या फार्मवर नोकरी लागली. त्या फार्मची बोट चालवणारा कॅलम नावाचा लाल दाढीचा मुलगा तिला आवडला, त्याच्याशी तिने लग्न केलं, आणि आर्डलॅरिग नावाच्या गावात ती राहिली ती राहिलीच. आता तिला सहा वर्षांचा रोरी होता. आर्डलॅरिग म्हणजे साठ-सत्तर माणसं, एक दुकान, एक हॉल, एक धक्का आणि एक शाळा. शाळेत मुलं पाच. त्या पाचांतला एक रोरी.

मायदेवांनी पहिल्यांदा नकाशा पाहिला तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. त्या एका काउन्सिलचा मुलूख अख्ख्या सिंगापूरच्या नऊ-दहा पट, आणि माणसं हौगांगच्या निम्मीसुद्धा नाहीत. जमीन सलग कुठे नाहीच. समुद्राचे लांबलचक फाटे थेट डोंगरांत घुसलेले, त्यांना तिकडे 'लॉख' म्हणतात. पलीकडच्या किनाऱ्यावरचं घर डोळ्यांना दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल, आणि गाडीने जायचं तर दीड तासाचा वळसा. वर आणि वीस-पंचवीस बेटं, त्यांवर वस्ती, त्यांना शाळा हवी, दवाखाना हवा, कचऱ्याची गाडी हवी. "हे चालवतात कसं?" मायदेवांमधला इंजिनिअर चक्रावून गेला. म्हणून त्यांनी काउन्सिलच्या सभा बघायला सुरुवात केली. त्या इंटरनेटवर थेट दाखवतात, तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. जेवणाच्या सुमाराला टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि बसायचं.

आणि काय सांगायचं, त्यांना गोडीच लागली. तीसेक मेंबर, त्यांतले कितीतरी कुठल्याच पक्षाचे नाहीत. अध्यक्षाला 'प्रोव्होस्ट' म्हणतात, तो गळ्यात साखळी घालून बसतो. आधी अधिकारी अहवाल मांडणार, मग एक जण ठराव मांडणार, दुसरा त्याला उपसूचना देणार, मग नाव पुकारून मतं. कुणी कुणावर ओरडत नाही, सगळे एकमेकांचे आभार मानतात आणि शेवटी पैसे नाहीत म्हणून काहीतरी बंद करतात. सरकारी अनुदान पुरत नाही, घरपट्टी देणारी माणसं थोडी, कामाच्या वयाची पोरं ग्लासगोला पळतात, त्यांच्या रिकाम्या घरांत सुट्टीपुरते येणारे लोक राहतात. उरला धंदा म्हणजे व्हिस्कीच्या भट्ट्या, मेंढ्या, जंगलातलं लाकूड, पर्यटक आणि अश्लेषाचे मासे. मायदेवांना हे सगळं घरच्यासारखं झालं. मिसेस मॅकफेल नावाच्या एक अपक्ष बाई होत्या, स्वतः मेंढ्या पाळायच्या, बोलायला उठल्या की आधी चष्मा शोधायच्या. त्या मायदेवांच्या फार आवडत्या. "बघ, आता ही चष्मा शोधणार," असं ते नीताबाईंना सांगायचे आणि बाई खरंच शोधायच्या.

नीताबाई शेजारी बसून बघायच्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. आता त्यांना इंग्रजीच कळत नव्हतं.

या बाईचं काय सांगावं! एके काळी ब्लॉकमधल्या अर्ध्या पोरांना गणित शिकवलेलं त्यांनी, तेही अस्सल इंग्रजीत. बाजारात भाजीवाल्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या तिओच्यू या चिनी बोलीत आकडे म्हणून घासाघीस करायच्या. इंडोनेशियन, तमीळ, कुणाशीही चार शब्द बोलून मोकळ्या. मग दोन वर्षांपूर्वी डोक्यातलं काहीतरी निसटायला लागलं. आधी गॅस चालू राहिला. मग रस्ता चुकला. मग एकेक भाषा गेली, सगळ्यात नंतर शिकलेली सगळ्यात आधी. राहिली फक्त मराठी, पुण्यात बालपणी बोलायच्या ती. दिवसा त्यांना ब्लॉकखालच्या वृद्धांच्या केंद्रात नेऊन बसवायचं. तिथल्या मुली मायाळू होत्या, "आंटी, आंटी" करून हात धरायच्या, पण नीताबाई त्यांच्याकडे टकामका बघत राहायच्या. दिवसभर एक शब्द नाही. संध्याकाळी घरी आल्या की मायदेवांना म्हणायच्या, "अहो, तिथे माझ्याशी कुणी बोलतच नाही."

आणि मायदेव बोलणारे किती? आयुष्यभर जहाजांच्या यार्डात ओरडून सांगायची सवय, घरात बसून गप्पा मारणं त्यांना कधी जमलंच नाही. पाच मिनिटं बोलायचे, मग विषय संपायचा. पण रविवारी अश्लेषाचा व्हिडिओ कॉल आला की नीताबाई खडबडून जाग्या व्हायच्या. "अशू, केस का कापलेस गं? रोरीला दूध देतेस ना? आणि तो तुझा कॅलम, दाढी कधी काढणार तो?" अर्धा अर्धा तास! चार वर्षांपूर्वीचं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं एकत्र व्हायचं, पण बोलणं धो धो. अश्लेषाला वाटायचं, आईचं तसं ठीक आहे, थोडं विसरते एवढंच. मायदेव तिची समजूत मोडायचे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आज ओळखतात, पुढचं काही सांगता येणार नाही. जवळच्या माणसांनी त्यांच्या भाषेत बोलत राहावं, तेवढंच हातात आहे.

मग मुलीला 'ये' म्हणायचं ना? राजवाडेही हेच म्हणायचे. पण मायदेवांचा त्याबाबतीत एक हट्ट होता. स्वतः ते आईला पुण्यात टाकून सिंगापूरला आले होते आणि तिच्या प्रत्येक पत्रात 'कधी येतोस' हे वाचून त्यांनी स्वतःवरच दात-ओठ खाल्ले होते. लेकीवर ती पाळी आणायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं. आपणच तिकडे जावं तर ब्रिटन म्हाताऱ्या आईबापांना राहायला सहसा व्हिसा देत नाही, आणि नीताबाईंना विमानात बसवायचं म्हणजे अग्निदिव्यच. तेव्हा सगळं होतं तिथेच थांबलं होतं.

अशात सभेच्या विषयपत्रिकेवर आर्डलॅरिगचं नाव आलं. पाच मुलांची शाळा काउन्सिलला परवडत नव्हती. ती बंद करून मुलांना लॉखच्या टोकाशी असलेल्या मोठ्या शाळेत मिनीबसने न्यायचं, असा प्रस्ताव होता. आता लोकांची मतं मागवणार आणि हिवाळ्यात निर्णय घेणार. अधिकारी काही राक्षस नव्हते. त्यांच्याकडे पैसेच नव्हते आणि एकेका मुलामागचा खर्च ऐकून मायदेवांनीही भुवया वर केल्या होत्या.

त्या रविवारी अश्लेषा रडकुंडीला आली होती. "बाबा, शाळा गेली ना, की गाव संपलं. लहान मुलं असलेलं घर इकडे येणारच नाही. आणि आम्हीही कसे राहणार? रोज पहाटे अंधारात रोरीला त्या रस्त्याने पाठवायचं? शाळा बंद झाली तर आमचा नाइलाज आहे. आम्ही मग सिंगापूरलाच येऊ. तिथल्या जोहोरच्या खाडीतल्या एका फिश फार्मवाल्याने मला विचारलंय. कॅलमही तयार आहे, मनातून नाही, पण तयार आहे."

मायदेवांनी फोनवर "अरेरे" म्हटलं. अगदी खऱ्यासारखं म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले, कारण त्यांना हसू यायला लागलं होतं. येणार! अशू येणार! नीता दिवसभर बोलत राहील. रोरी तिच्या मांडीवर बसेल आणि त्यालाही चार मराठी शब्द येतील. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण आनंद काही जाईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉफीशॉपमध्ये राजवाड्यांना सांगितलं. राजवाड्यांनी प्रथमच चेष्टा केली नाही. "होऊ दे बंद," ते म्हणाले, "साठ माणसांच्या गावाला कसली आलीये शाळा! इथे पन्नास मजल्यांची शाळा बांधली तरी पुरत नाही."

"असं म्हणू नये."

"तुम्ही म्हणू नका. मी म्हणतो की!"

एवढ्यावर राहिलं असतं तर किती बरं झालं असतं. पण पुढच्या रविवारी अश्लेषाने बापाला काम सांगितलं. पालकांच्या वतीने काउन्सिलला एक निवेदन जाणार होतं. गावात कुणी वकील नाही, इंजिनिअर नाही. "बाबा, तू आयुष्यभर हेच केलंयस. त्या रस्त्याचं रिस्क असेसमेंट करून दे ना. कॅलम गाडीला कॅमेरा लावून सगळं शूट करून पाठवेल. तू म्हणशील ते ते पाठवेल. बाकी आम्ही सगळे नुसतं भावनेने बोलतोय रे. ते ऐकून घेतात आणि थँक्यू म्हणतात."

नाही कसं म्हणणार? लेक पहिल्यांदा काही मागत होती.

मायदेव सगळी हयात तुआसच्या एका यार्डात सेफ्टीला होते. क्रेनने शेकडो टनांचा तुकडा उचलायचा, तर आधी काय काय वाकडं होऊ शकतं ते सगळं लिहून काढायचं, प्रत्येकावर उपाय लिहायचा आणि मगच परमिटवर सही करायची. मॅनेजर पाय आपटो, क्लायंट घड्याळ दाखवो, पटलं नाही तर मायदेवांची सही मिळायची नाही. यार्डातली तमीळ, बांगलादेशी, चिनी पोरं त्यांना 'मिस्टर कॅनॉट' म्हणायची, पाठीमागे आणि कधी तोंडावरही. मायदेवांना ते नाव आवडायचं. त्या पोरांपैकी प्रत्येक जण संध्याकाळी लॉरीत बसून धडपणे डॉर्मिटरीला परत गेला पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

कॅलमच्या फिती यायला लागल्या. मायदेव नीताबाईंना केंद्रात सोडून यायचे आणि दुपारभर बघत बसायचे. एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जाऊन कडेच्या जागेत शिरायचं. सकाळी शाळेच्या वेळेला अजून काळोख. रस्त्यात मेंढ्या आरामात बसलेल्या. त्याच रस्त्याने माशांच्या खाद्याचे ट्रक, त्यानेच लाकडाचे. हे सगळं ठीक होतं. अडचणीचं होतं, पण उपाय सांगता आले असते. मग ते वळण आलं. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेली कड, खाली काळं पाणी. वळणावर पलीकडचं काही दिसत नाही. फितीत नेमका लाकडांनी भरलेला ट्रक समोर आला आणि कॅलम गाडी मागे घेत, घेत, घेत गेला, तेही शीळ वाजवत. त्याच्या दृष्टीने त्यात काही विशेष नव्हतं. मायदेवांनी फीत थांबवली आणि पुन्हा मागे नेली.

त्यांनी असेसमेंट लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता ते वळण गाळलं.

हो, गाळलं. कुणाला कळणार होतं? वळण सोडलं तर बाकीचा कागद अगदी नीटनेटका होता. रस्ता कठीण आहे, पण काळजी घेतली तर चालेल, असा त्याचा अर्थ निघत होता. काउन्सिल आभार मानेल, शाळा बंद करेल, आणि अशू येईल. लेकीचं काम केल्यासारखं होईल आणि आपलंही होईल. ते राजवाड्यांनाही बोलले. राजवाडे म्हणाले, "शाबास! आयुष्यात एकदा तरी कॅन म्हणा, मायदेव."

दोन दिवस तो कागद तसाच पडून राहिला. खाली सही करायची होती. नाव, हुद्दा, किती वर्षांचा अनुभव, आणि सही. मायदेवांनी तीनदा पेन उचललं. तीनदा खाली ठेवलं. अशू इथे आली तर रोरी त्या बसमध्ये नसणार, हे खरं. पण बाकीची चार पोरं असणार ना! त्यांतल्या एकीचे पुढचे दात पडलेले होते, रोरीच्या वाढदिवसाच्या फोटोत ती तोंड झाकून हसत होती. अखेर मायदेवांनी स्वतःला मराठीत एक सणसणीत शिवी हासडली, वळण लिहिलं, त्याचं चित्र काढलं, 'या वळणावर उपाय नाही, मुलांची बस येथून नेऊ नये' असं खाली ठळक केलं, सही केली आणि पाठवून दिलं. मग नीताबाईंना आणायला केंद्रात गेले आणि चपला घालायला त्यांना वेळ लागला म्हणून त्यांच्यावर उगाचच खेकसले. नीताबाई भेदरून उभ्या राहिल्या. लिफ्टमध्ये मायदेवांनी त्यांचा हात घट्ट धरला, पण नीताबाईंना काय झालं होतं ते आठवतही नव्हतं.

एका म्हाताऱ्याचा सिंगापूरहून आलेला कागद तिकडे कोण वाचतंय, या आशेवर त्यांनी पुढचे आठवडे काढले. आशाच म्हणायची ती! आयुष्यभर आपलं कुणी वाचत नाही म्हणून चिडणारा माणूस आता कुणी वाचू नये म्हणून देवाला हात जोडत होता. आणि इकडे नीताबाईंचं रोज थोडं थोडं निसटत होतं. राजवाड्यांना त्यांनी एक दिवस "कोण हवंय आपल्याला?" असं दारातच विचारलं. राजवाडे फळांची पिशवी देऊन परत गेले.

निर्णयाची सभा लागली तेव्हा हौगांगला संध्याकाळच्या जेवणाचे वास सुटले होते. मायदेवांनी वरण-भात वाढून नीताबाईंसमोर ठेवला, स्वतः मात्र घास घेतला नाही. प्रोव्होस्ट आला, साखळी नीट केली. अधिकाऱ्यांनी अहवाल मांडला. शाळा बंद करावी असा ठराव आला, त्याला अनुमोदन मिळालं. दोन मेंबर बोलले, तेही बाजूनेच बोलले. मायदेव खुर्चीच्या कडेवर सरकले. चाललंय, नीट चाललंय.

मग मिसेस मॅकफेल उठल्या. चष्मा शोधला. आणि एक कागद हातात घेऊन म्हणाल्या, हे असेसमेंट एका पालकाच्या वडिलांनी केलेलं आहे, ते जहाजांच्या यार्डात सुरक्षेचं काम करत होते, हे मी तुम्हाला वाचून दाखवते. आणि बाईंनी वाचलं. अख्खं वळण वाचलं. मायदेवांचं वाक्य, त्यांच्या यार्डातल्या कोरड्या इंग्रजीतलं, त्या बाईंच्या खणखणीत स्कॉटिश उच्चारांत त्या सभागृहात घुमलं. उपाय नाही. मुलांची बस येथून नेऊ नये.

क्षणभर, खोटं कशाला सांगायचं, मायदेवांची छाती फुगली. आपलं काम असं कुणी मोठ्याने वाचलंय, तेही भर सभेत! आणि दुसऱ्या क्षणी त्यांना कळलं काय होतंय ते. "अहो बाई, पुरे," ते टीव्हीला म्हणाले. "बसा आता खाली." बाई बसल्या नाहीत. त्यांनी उपसूचना मांडली, शाळा चालू ठेवावी. नावं पुकारायला लागले. मायदेवांना एकेकाचा स्वभाव माहीत होता, कोण कुणीकडे जाणार ते ते आधीच ओळखत होते. पलीकडच्या बेटावरचा तो गप्प मेंबर, ज्याने आजवर प्रत्येक कपातीला हात वर केला होता, त्याने खाकरून शाळेच्या बाजूने मत दिलं. तिथेच मायदेवांनी डोळे मिटले. उपसूचना दोन मतांनी मंजूर झाली.

शाळा वाचली. ती आपल्या सहीने वाचली आणि नीतासाठी आपण काही करू शकलो नाही, हे मायदेवांना धड कळतही नव्हतं आणि सोसवतही नव्हतं. उठून पंखा बंद करावा, भांडी आवरावी, काहीतरी करावं असं त्यांना वाटत होतं, पण ते खुर्चीतच बसून राहिले. नीताबाईंनी भाताचा शेवटचा घास खाल्ला आणि विचारलं, "संपलं का हो तुमचं?"

"संपलं," मायदेव म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. अश्लेषाचा व्हिडिओ कॉल. मायदेवांनी तो टीव्हीवर घेतला, कारण नीताबाईंना छोट्या पडद्यावर दिसत नसे. पडद्यावर आर्डलॅरिगचा हॉल उघडला. सगळं गाव तिथे जमून सभा बघत होतं. स्वेटर, टोप्या, कुत्री, चहाचे कप, आणि एकच कल्ला. कॅलम कुणाला तरी मिठी मारत होता. अश्लेषा पुढे होती, रडत होती, हसत होती. "बाबा! बाबा, तुझ्यामुळे! फक्त तुझ्यामुळे झालं हे! सगळे तुला थँक्यू म्हणतायत!" पाच पोरं एका बाकावर उभी राहिली आणि रोरीने शिकवल्याप्रमाणे एका सुरात ओरडली, "आ-जो-बा!" सगळ्या हॉलने टाळ्या पिटल्या.

"अरे वा," मायदेव म्हणाले. "छान झालं. काम चोख झालं."

"बाबा, तुला आनंद झाला ना?"

"झाला तर! का नाही होणार?"

"आई, तू बघितलंस? बाबाने काय केलं बघितलंस?"

नीताबाई खुर्चीतून उठल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. एकेका तोंडावरून त्यांचं बोट सावकाश फिरत गेलं, अश्लेषावरून पुढे गेलं, आणि मागच्या रांगेतल्या शाळेच्या बाईंवर थांबलं. काळ्या केसांची, किडकिडीत, शाल घेतलेली बाई.

"ही बघा आपली अशू," त्या मायदेवांकडे वळून म्हणाल्या. "किती वाळलीये हो पोर."

"आई," अश्लेषा हसत म्हणाली, "मी इकडे आहे. इकडे, पुढे."

नीताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणे पाहिलं. "अहो, तुम्ही जरा बाजूला होता का?" त्या म्हणाल्या. "माझी मुलगी दिसत नाहीये मला. आज पुष्कळ दिवसांनी भेटतेय. मला तिच्याशी बोलायचंय."

हॉलमधल्या कुणालाच मराठी कळत नव्हतं. टाळ्या चालूच होत्या, शाळेच्या बाईंनी नीताबाईंना हसून हात केला. अश्लेषाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने आईच्या मागे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. कधीपासून, असं ती डोळ्यांनीच विचारत होती.

"व्हा ना हो बाजूला," नीताबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

आणि अश्लेषा बाजूला झाली.